मेलेली बहीण आणि आजोबांची संती

आक्का, नमस्कार.

मी सव्वीस वर्षांची. गाव निपाणी भागातलं, नोकरीसाठी बेळगावात टिळकवाडीत राहते. ऑफिसातले आणि कॉलेजातले मिळून आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. पाठांतर नाही, संहिता नाही, लोकांनी विषय द्यायचा आणि आम्ही तिथल्या तिथं नाटक उभं करायचं, असं ठरवून यंदा गणपतीत गल्लीच्या मांडवात पहिला प्रयोग केला. फजिती झाली. 'कुठली जागा घेऊ?' विचारलं तर पुढं बसलेले एक आजोबा कन्नडात म्हणाले, 'संती.' आमचा एकजण पटकन बोलला, 'मराठीत सांगा की ओ!' लोक हसले, आजोबा गप्प झाले. मग कुणीतरी दवाखाना म्हणालं. तोच मुलगा डॉक्टर झाला. मी आत जाऊन म्हटलं, 'दादा, मी आलेय.' तो म्हणाला, 'कोण तू? माझी बहीण दहा वर्षांपूर्वीच मेली.' शिट्ट्या, टाळ्या. मला पुढं एक शब्द सुचला नाही. कसंनुसं हसले आणि बाहेर आले.

नेटवर शोधलं तर येस-अँड, ऑफर, ब्लॉक, स्टेटस असलं काय काय. डोकं भणभणलं. मी मुळात हजरजबाबी नाही. हे सोडून द्यावं का? आणि हे शब्द आमच्या पोरांना मराठीत कसे सांगायचे?

– टिळकवाडीतली एकजण

*

बाळ, सोडायचं की नाही ते नंतर बघू. आधी त्या मेलेल्या बहिणीचं काहीतरी करूया. तुझं पत्र वाचल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तू आत आलीस आणि तीन शब्दांत बरंच काही दिलंस. तो भाऊ, तू बहीण, आणि ज्या अर्थी 'आलेय' म्हणतेस त्या अर्थी मधे काही काळ गेलाय. त्यानं एका वाक्यात सगळं मोडून टाकलं. लोक हसले, कारण चालता चालता कुणी घसरलं तरी लोक हसतातच. पण आता समज, तू बाहेर आली नाहीस. एक श्वास घेतलास, त्याच्याकडं नीट बघितलंस आणि म्हणालीस, 'होय दादा. दहा वर्षं झाली. पिंडाला कावळा शिवला नव्हता, आठवतंय?'

आता त्याची पंचाईत. त्याला म्हणावं लागणार, 'आठवतंय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.' तू म्हणणार, 'म्हणजे माझी काय इच्छा राहिली होती ते कुणी विचारलंच नाही.' तो विचारणार, 'काय होती?' 'आईच्या पाटल्या कुणाकडं आहेत रे?' आणि एवढ्यात समजा तुमच्यातली आणखी एक मुलगी, जी इतका वेळ कोपऱ्यात नर्स होऊन उभी होती, ती हातातल्या पाटल्या पदराखाली झाकत पुढं येते. ती त्याची बायको निघते. झालं की गं नाटक! दवाखाना आहे, भूत आहे, दागिना आहे, भावजय आहे. दहा मिनिटं सहज जातील.

यात हजरजबाबी कोण होतं? कुणीच नाही. तो 'मेली' म्हणाला, तू मेलेली झालीस. मेलं म्हणजे तेरावं-चौदावं, पिंड, कावळा. आपल्याकडच्या कुठल्याही शेंबड्या पोराला सुचेल असं आहे हे. दर वेळी फक्त मागच्या माणसाचा शेवटचा शब्द धरलाय. तू अडखळलीस ते बुद्धी कमी पडली म्हणून नाही. 'आता याच्यापेक्षा भारी काय बोलू' हे शोधायला तू आत गेलीस आणि त्या शोधात 'मेली' हा शब्द ऐकायचा राहिला. तू बोलण्यात नापास झाली नाहीस, ऐकण्यात झालीस. ते शिकता येतं. हजरजबाबीपणा शिकता येतो की नाही, देव जाणे.

आता तुझे ते शब्द. मी आमच्या पोरांना शिकवताना इंग्रजी शब्द पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले. शब्द वाईट आहेत म्हणून नव्हे. 'ऑफर' म्हटलं की आमच्याकडं साड्यांचा सेल आठवतो म्हणून. आम्ही त्याला वाण म्हणतो. हळदीकुंकवाला सवाष्ण वाण देते, तेव्हा आपण 'असली वाटी माझ्याकडं आहे' म्हणतो का? पदर पुढं करतो आणि घेतो. रंगमंचावर समोरचा जे बोलेल, करेल, चुकून शिंकेलसुद्धा, ते सगळं वाण. शिंकला तर त्याला सर्दी आहे, किंवा त्या घरात पन्नास वर्षांची धूळ आहे, किंवा शुभ कामाला निघताना शिंक आली म्हणून सगळे परत बसलेत. घेतलंस की झेललं म्हणायचं, मोडलंस की खोडा, म्हणजे तुझा तो 'ब्लॉक'. आणि 'बघू', 'काहीतरी आहे तिकडं', 'असंच आलो होतो' असली बिनकण्याची वाक्यं म्हणजे गुळमुळीत. गुळमुळीत बोलणारा खोडा घालत नाही, पण सगळं ओझं समोरच्याच्या डोक्यावर ठेवतो. 'हातात काय आहे?' विचारल्यावर 'एक वस्तू' म्हणणाऱ्याला मी पाच बैठका मारायला लावते. 'विहिरीच्या मोटरचा जळलेला फ्यूज' म्हण की!

येस-अँड तर आपल्या तोंडातच आहे. पुण्याकडची माणसं 'हो' म्हणतात, आपण 'होय की' म्हणतो. तो 'की' नुसता होकार देत नाही, त्यात 'हे काय विचारणं झालं' असा आग्रह असतो. पण 'होय की' म्हणून थांबलं तर अर्धंच काम झालं. 'होय की, आणि' असं म्हणून आपली एक वीट त्यावर ठेवायची. 'पाऊस आलाय.' 'होय की, आणि वाळवणं गच्चीवर आहेत.' 'होय की, आणि शिडी शेजाऱ्यानं नेलीय.' 'होय की, आणि त्याच्याशी आपली बोलाचाली बंद आहे.' चार वाक्यांत भांडण तयार.

इथं नवीन पोरं एक चूक हमखास करतात, म्हणून जरा थांबते. होय म्हणायचं ते नटानं, पात्रानं नव्हे. सावकार म्हणाला 'जमीन लिहून दे', तर शेतकरी 'नाही देत' म्हणू शकतो, म्हणायलाच हवं. पण 'तुम्ही सावकार नाहीच, तुम्ही तर पोस्टमन' असं म्हटलं तर खोडा. पहिल्यात शेतकऱ्यानं सावकार मानला, जमीन मानली, कर्ज मानलं आणि मग नकार दिला. एवढा फरक नीट कळला की निम्मी कटकट मिटते.

आता हे सगळं कुठून आलं म्हणशील तर शिकागोहून. व्हायोला स्पोलिन नावाची बाई होती. तरुणपणी ती तिथल्या हल हाउस या वस्तीकेंद्रात नेव्हा बॉइड यांच्याकडं मुलांचे खेळ घ्यायला शिकली. पुढं 1939 च्या सुमारास सरकारी रोजगार योजनेत तिला वस्तीतल्या मुलांची नाटकं बसवायचं काम मिळालं. ती मुलं ठिकठिकाणच्या देशांतून आलेल्यांची, घरोघरी वेगळी भाषा आणि वेगळी रीत. भाषण देऊन अभिनय शिकवणं शक्यच नव्हतं. म्हणून तिनं खेळ काढले. आरशाचा खेळ, न बोलता जागा दाखवायचा खेळ, निरर्थक बडबडीत संवाद करायचा खेळ. कोण, कुठं, काय करतोय या तीन प्रश्नांवर तिची सगळी इमारत उभी आहे. खेळ चालू असताना ती थांबवून चुका सांगत नसे, बाहेरून हाक देत असे, 'भिंत विसरू नका', 'हातातलं जड आहे ना?' तिचं पुस्तक 1963 साली आलं. त्याआधीच, 1959 मध्ये, तिच्या मुलानं, पॉल सिल्सनं, जोडीदारांबरोबर शिकागोत सेकंड सिटी ही रंगसंस्था सुरू केली होती आणि तिथून ही गोष्ट जगभर गेली.

दुसरा माणूस कीथ जॉनस्टन, लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरातला, नंतर कॅनडात कॅलगरीला गेलेला. त्या काळी इंग्लंडात नाटकाची संहिता आधी दरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. संहिताच नसलेलं नाटक मंजूर कसं करणार? म्हणून तो लोकांसमोर 'वर्ग' घ्यायचा आणि वर्गाच्या नावाखाली प्रयोग व्हायचा. (आपल्याकडंही स्पीकरच्या परवान्यासाठी 'भजन' लिहून काय काय चालतं ते मी सांगायला नको.) याच जॉनस्टनचं म्हणणं होतं की वेगळं, अस्सल, चमकदार शोधू नका, जे सगळ्यात उघड दिसतंय ते बोला. पिंडाचा कावळा त्यातलाच.

पण बाळ, शिकागोचं ऐकून हरखून जाऊ नकोस. आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडं गेलीस तर दशावतारी मंडळी आजही हेच करतात. प्रयोगाआधी तोंडाला रंग लावता लावता कथानक ठरतं, कोण कुठल्या प्रवेशात येणार ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर जन्माला येतात, रात्रभर. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेसुद्धा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ बघून. त्यात पदं सूत्रधार म्हणे आणि मधलं गद्य पात्रं आपापल्या मनानं बोलत. गंमत अशी की त्याच 1843 साली आपल्या सौंदत्ती भागात, गुर्लहोसूरला, अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला, आणि 1880 मध्ये त्यांनी पुण्यात 'शाकुंतल' आणलं तेव्हा शब्द न् शब्द लिहिलेलं, बांधीव नाटक मराठीत रुजलं. मला संगीत नाटक जीव की प्राण आहे, त्यामुळं तक्रार नाही. पण तेव्हापासून आपल्याला वाटू लागलं की नाटक म्हणजे पाठांतर. तमाशातल्या सोंगाड्यानं मात्र ते कधी ऐकलं नाही. बतावणीत आजच्या गावातली आजची भानगड घातली नाही तर त्याला कोण हसणार?

आता त्या आजोबांकडं येऊ. माझा खरा राग तिथं आहे.

आपल्या भागात भाषेवरून काय काय झालंय ते मला कुणी शिकवू नये. जमिनीच्या उताऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत मराठी माणसाची कशी दमछाक होते ते मी रोज बघते, आणि मराठीसाठी गल्लीचा मांडव हवाच. त्या मुलाच्या तोंडून ते वाक्य का निघालं तेही मला कळतं. पण आजोबांनी अर्ज दिला नव्हता की परिपत्रक काढलं नव्हतं. त्यांनी संध्याकाळचं पहिलं वाण दिलं होतं. संती म्हणजे आठवड्याचा बाजार, हे मांडवातल्या प्रत्येकाला कळलं होतं, त्या मुलालाही. न कळल्याचं सोंग घेऊन हशा मिळवला, त्याला मी फुकटचा हशा म्हणते. पुढं दवाखान्यात त्यानं तुझं जे केलं ते त्यानं तिथंच, आजोबांवर, आधी करून बघितलं होतं.

तुम्ही बोला की मराठीतच. 'संती? होय की! आणि आज भाव पडलाय, बटाटा कोण घेईना.' झालं, मराठी कुठं बुडाली? मला आक्का म्हणतेस ना, तो शब्द कुठून आला ते एकदा बघ. आणि ते आजोबा कदाचित गोकाकाकडचे असतील, श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचे खेळ रात्र रात्र बघितलेले, त्यात गाजलेल्या कौजलगी निंगम्मांचं नाव ऐकत मोठे झालेले. त्या खेळात भागवत (म्हणजे सूत्रधार) आणि दूती यांची जी जुगलबंदी चालते ती बघितलेल्या माणसाला या कलेतलं तुमच्या सहा जणांपेक्षा जास्त कळत असणार. स्पोलिनबाईंचा बडबडीचा खेळ तुम्ही असाच खेळून बघा. एकानं कन्नडच्या सुरात, एकानं मराठीच्या सुरात, पण अर्थ नसलेलं बोलायचं, आणि दोघांनी मिळून एक म्हैस विकायची. किंमत ठरतेच बघ. हात, भुवया, उसासे यांवरच ठरते.

स्टेटसचं राहिलं. हा जॉनस्टनचा सगळ्यात मोठा शोध समजतात, पण लग्नघरात वाढलेल्या आपल्या माणसांना तो वेगळा शिकवायला नको. त्याला मानपान म्हण. कोण कुणापुढं वर, कोण खाली, आणि ते हुद्द्यावर नाही तर वागण्यावर. साहेब खुर्चीच्या टोकाला बसून नाकाला हात लावत बोलतोय आणि शिपाई मान स्थिर ठेवून, सावकाश, डोळ्याला डोळा भिडवून उत्तर देतोय, तर वर कोण? खेळ सोपा आहे. पत्त्यांचा कॅट घ्या, प्रत्येकानं न बघता एक पान कपाळावर धरायचं, दुसऱ्यांना दिसेल असं. राजाला राजासारखं वागवा, दुरीला दुरीसारखं, आणि पाच मिनिटांनी आपापलं पान ओळखा. मग तोच प्रवेश परत करा, पण मधेच मानपान उलटवा. वरमाय हळूहळू खाली आली आणि पाणक्या वर चढला की लोक पुढं सरकून बसतात. विनोद कुणी केला नाही तरी हसतात, आणि हे हसणं टिकतं.

दोन-तीन बारीक गोष्टी भराभर सांगते. प्रवेश तीन-चार मिनिटांचा ठेवा आणि संपवायचं काम आत असलेल्यांचं नाही, बाहेर उभ्या असलेल्याचं. बरा हशा किंवा बरी शांतता आली की त्यानं समोरून चालत जायचं, तोच पडदा. गोष्ट भरकटली तर नवीन काही शोधू नका, मागं टाकलेलं उचला. सुरुवातीची शिंक, जळलेला फ्यूज, पाटल्या, शेवटाला परत आल्या की लोकांना वाटतं सगळं आधीच ठरलं होतं. आणि प्रेक्षकांना 'काहीही सुचवा' म्हणू नका, ते नटीचं नाहीतर नेत्याचंच नाव सांगतात. 'आज सकाळी घरातून पहिल्यांदा कुठं गेलात?' असं विचारा. पिठाची गिरणी येते, रेशन दुकान येतं, संती येते.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारते. सहा जणांत मुली किती? आणि तुला दर वेळी बायको, नर्स नाहीतर गिऱ्हाईकच करतात का? वाण नाकारायचं नसतं म्हणाले खरी, पण कुणी नाटकाच्या नावाखाली अंगचटीला येत असेल किंवा तुझ्याच खऱ्या गोष्टीवरून चारचौघांत टोमणा मारत असेल तर तो खेळच नव्हे. तिथं खेळ थांबवायचा, मोठ्यानं. हे सहा जणांनी आधी बसून ठरवा आणि हाताची एक खूण ठेवा.

तो मुलगा मला वाईट वाटत नाही. त्याला भीती वाटत असणार, तुझ्याइतकीच. भीती वाटली की कुणी गप्प होतं, कुणी दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन वर चढतं. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात एकदा ऐन तिसऱ्या अंकात लाइट गेले. मी सासू होते. माझी सून झालेली मुलगी अंधारात थरथरत होती, पुढचं वाक्य गायब. मी चिडून हळूच म्हटलं, 'बोल की!' ती म्हणाली, 'आत्याबाई, मला तुमचं तोंड दिसत नाही तेवढंच बरं वाटतंय बघा.' सगळं शेत हसलं. मी कितीतरी दिवस समजत होते की तिला ते सुचलं. नंतर तिनंच सांगितलं, तिला खरंच बरं वाटत होतं. ती माझ्या तोंडाला घाबरायची.

तर आता असं कर. येत्या रविवारी सहाही जण बसा, मोबाइल एका पिशवीत घाला. पहिला अर्धा तास एकेक शब्द बोलून गोष्ट करा, एकानं एकच शब्द, मग पुढच्यानं. त्या मुलाला तुझ्या शेजारी बसव. तो गोष्ट स्वतःकडं ओढायला बघेल, पण एका शब्दात किती ओढणार? मग उठून तो दवाखाना परत करा, 'मेली' पासूनच. या वेळी तो बाहेर थांबून हाक देईल, डॉक्टर दुसरं कुणी होईल. सोडायचं की नाही ते मला दिवाळीनंतर विचार.

आजोबा कुठल्या घरी राहतात ते गल्लीत कुणालाही माहीत असेल. जाताना कुंदा ने, पण आधी त्यांना साखर चालते का विचारून घे.

– आक्का